यज्द ते बीरजंद, सरळ रेषेत

यज्द ते बीरजंद हे अंतर सरळ रेषेत चारशे ऐंशी किलोमीटर आहे. हे मी सांगतोय, विमान कंपनी नाही. मी भूमापन खात्यात उभी हयात काढली आहे. घरातल्या भिंतीवरच्या नकाशावर यज्दच्या विमानतळाला एक टाचणी, बीरजंदच्या विमानतळाला एक टाचणी आणि मध्ये माझ्या बायकोच्या, अख्तरच्या, शिवणाच्या डब्यातला लाल दोरा ताणून मी ते मोजलं, आणि मनाचं समाधान व्हावं म्हणून पुन्हा मोजलं. विमानाला एवढ्या अंतराला एक तास लागतो. कंपनीच्या जाहिरातीतही एक तासच लिहिला होता. म्हणजे माझं आणि कंपनीचं एकमत होतं. पुढे जे घडलं त्यात माझी चूक काढायला जे टपून बसले आहेत त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. कंपनीचं नाव मात्र मी घेणार नाही. नाव घेतलं तर लोक म्हणतील, फल्लाह जाहिरात करतोय.

रस्त्याने हेच अंतर सातशेच्या घरात जातं, कारण रस्ता वाळवंटाला घाबरून तबसकडून वळसा घेतो. रस्त्यांचा हा भित्रेपणा मला नोकरीतसुद्धा कधी आवडला नाही.

जायचं कारण म्हणजे सूदाबे, आमची एकुलती एक मुलगी. ती डॉक्टर झाली आणि सरकारने तिला उचलून बीरजंदच्या इस्पितळात दोन वर्षं सेवेला पाठवलं. तिथे भाड्याची एक खोली, खिडकीसमोर डोंगर, आणि ओळखीचं म्हणावं असं कुणी नाही. नौरोझच्या आधी तिने फोन केला.

“बाबा, मला काही सुट्टी मिळत नाही. पण तुम्ही मुळीच येऊ नका हं. एवढा त्रास कशाला? मी अगदी मजेत आहे.”

“छे, आम्ही कशाला येतोय?” मी म्हणालो. “आणि तूही सुट्टीसाठी कुणापुढे तोंड वेंगाडू नकोस. आम्ही दोघं मजेत आहोत.”

मग अख्तरने फोन घेतला आणि आपण किती मजेत आहोत ते सविस्तर सांगितलं. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि कांदा न चिरता रडली. आमच्याकडे माणूस ‘येऊ नका’ म्हणाला की त्याला काय हवं असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यातून हा नौरोझ. वर्ष पालटण्याच्या क्षणी माणूस जिथे, जसा आणि ज्यांच्या सोबत असेल, तसाच तो वर्षभर राहतो म्हणतात. पोर त्या खोलीत एकटी बसली तर वर्षभर एकटीच राहायची. माझा अशा समजुतींवर विश्वास नाही, मी शास्त्र शिकलेला माणूस आहे. पण पोटच्या पोरीवर प्रयोग करून बघायची मला गरज वाटली नाही.

म्हणून ठरलं की तिला न सांगता जायचं. आमचं वर्ष मध्यरात्री नाही, सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या क्षणी पालटतं, आणि यंदा तो क्षण होता दुपारी दोनच्या सुमारास. विमान सकाळी अकराला. एक तास हवेत, थोडा वेळ टॅक्सीत, आणि आम्ही दारात उभे. अख्तरने कोंब आणलेल्या गव्हाचं ताट, सफरचंद, लसूण, आंबट सुमाकची पूड असं सुफ्र्यावर, म्हणजे सणाला अंथरायच्या वस्त्रावर, मांडायचं सगळं सामान भरलं, आणि बरणीतला लाल मासासुद्धा घेतला, कारण माशाशिवाय सुफ्रा म्हणजे तिच्या मते नुसतं टेबल. हे गुपित आम्ही दोघांनाच सांगितलं. एक अख्तरची मावशी, आमच्या खालाजान, ऐंशीच्या पुढे गेलेल्या. त्या खालच्या मजल्यावर राहतात आणि आमच्या कुंड्यांना पाणी घालतात.

“सूदाबेकडे जातोय, न सांगता,” मी म्हटलं, आणि खालाजानच्या हातातली बशी खाली पडली.

“जाऊ नका,” त्या म्हणाल्या.

“का?”

“असंच.”

“असंच म्हणजे?”

“असंच म्हणजे असंच. नौरोझला घर सोडू नये. आणि तुझ्या त्या विमानाचा मला भरवसा नाही, इरजजान.”

वय झालं की माणसाला असं होतं. मी मनावर घेतलं नाही.

दुसरे समोरचे तफ्तीसाहेब. बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि तेव्हापासून सल्ले वाटतात. त्यांना सांगितलं म्हणजे गल्लीला सांगायचं बाकी राहत नाही. त्यांनी माझा नकाशा, टाचण्या आणि दोरा सगळं नीट पाहून घेतलं.

“दोरा छान आहे,” म्हणाले. “पण फल्लाहसाहेब, विमानाचा एक तास हा तास नसतो. घरातून निघा, तिथे रांगेत उभे राहा, बसा, उठा, पुन्हा बसा. त्यापेक्षा माझ्या गाडीने आदल्या संध्याकाळी निघालात तर तबसला मुक्काम, आणि सकाळी आरामात...”

“तुम्ही कधी विमानात बसला आहात?”

“मी नाही. माझा मेहुणा बसला होता.”

“मग?”

“त्याचा कान अजून दुखतो.”

उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिले, पण हे गृहस्थ उंटावरसुद्धा चढलेले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतले लोक मिठाईचे पुडे घेऊन येऊ लागले. कुणाचा भाचा बीरजंदला, कुणाच्या सुनेची आत्या बीरजंदला. यज्दची अर्धी लोकसंख्या बीरजंदला राहते आणि गोडावाचून तळमळते आहे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. नाही म्हणायची सोय नाही. मी चेहऱ्यावर हसू ठेवून कुत्ताबचे डबे घेत गेलो आणि अख्तर माझे शर्ट बॅगेतून बाहेर काढत गेली.

निघायच्या सकाळी माझा डावा बूट सापडेना. उजवा जागेवर होता. शेवटी डावा सापडला तो अंगणात, डाळिंबाच्या कुंडीमागे. मग माझं ओळखपत्र सापडेना. ते फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याआड निघालं. मी अख्तरकडे पाहिलं, अख्तरने माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही वाटलं की दुसऱ्याचं आता वय झालं. खालाजान कोपऱ्यात जपमाळ ओढत बसल्या होत्या.

या शोधाशोधीत बाहेर उभा असलेला टॅक्सीवाला कंटाळून निघून गेला. दारात तफ्तीसाहेब झोपायच्या पायजम्यात निरोप द्यायला उभे होते.

“काळजी कसली करता?” ते छातीवर हात ठेवून म्हणाले. “मी सोडतो ना तुम्हाला. तुमची सेवा माझ्या डोळ्यांवर.”

आता अशा वेळी तीनदा नको म्हणायचं असतं. त्यांनी चौथ्यांदा आग्रह करायचा नसतो. मग दोघांनी एकमेकांचे आभार मानून आपापल्या घरी जायचं असतं. हे मलाही ठाऊक आहे. पण माझं डोकं फिरलेलं होतं, आणि मी पहिल्याच वेळेला “चला” म्हणून मोकळा झालो. तफ्तीसाहेबांचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. कपडे बदलायलाही वेळ नव्हता. ते तसेच पायजम्यात गाडीत जाऊन बसले.

प्रवासाला निघणाऱ्याने खालून जावं म्हणून खालाजानने चौकटीत कुराण उंच धरलं. अख्तर खालून गेली, मी गेलो, पाऊल उंबऱ्याबाहेर टाकणार तोच खालाजान शिंकल्या. एकदाच.

“सब्र!” अख्तर जागीच थांबली.

शिंक एकच आली तर थांबायचं, दुसरी आली तर पहिली रद्द. हा आमच्याकडचा नियम आहे आणि तो मोडून घराबाहेर पडलेली अख्तर मी लग्नापासून पाहिलेली नाही.

“ठीक आहे,” मी घड्याळ बघत म्हणालो. “पाच मिनिटं थांबू.”

“मोठी होती,” खालाजान नाक पुसत म्हणाल्या. “निदान दोन तास.”

“दोन तास? शिंकेला आकार कधीपासून आला?”

“तू भूमापनातला. शिंकेतलं तुला काय कळतं?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी स्वयंपाकघरातून मिरपूड आणली आणि खालाजानना आदराने विनंती केली की दुसरी शिंक द्या. त्यांनी डोक्यावरची चादर नाकावरून घट्ट ओढली आणि डोळे मिटून दुआ म्हणू लागल्या. मी मिरपुडीची डबी त्यांच्याभोवती फिरवत होतो, अख्तर “अहो, म्हातारं माणूस आहे” म्हणून माझा कोट ओढत होती, आणि एवढ्यात, काय झालं बघायला आत आलेले तफ्तीसाहेब ताडकन शिंकले.

“झाली दुसरी!” मी ओरडलो.

“शेजाऱ्याची धरत नाहीत,” खालाजान म्हणाल्या.

“शिंक ती शिंक. ती कुणाच्या नाकातून यावी असं कुठेही सांगितलेलं नाही.”

गाडीत बसलो. गेलेला माणूस परत यावा म्हणून त्याच्या मागे पाणी ओततात, वाटीभर, त्यात एखादं पान घालून. खालाजानच्या हातात वाटी होतीही. पण गाडी सुरू झाल्याबरोबर त्यांनी वाटी ठेवली, कुंड्यांची बादली दोन्ही हातांनी उचलली आणि भरलेली बादली गाडीवर रिकामी केली. ऐंशीच्या वर वय आणि गुडघ्यांची रोजची तक्रार. तफ्तीसाहेबांच्या बाजूची काच उघडी होती. त्यांनी वायपर लावले.

विमानतळावर तपासणीच्या बाईंनी मासा अडवला.

“उघडं भांडं चालणार नाही. सीलबंद हवं.”

“सीलबंद मासा किराणा दुकानात मिळतो, बाई. तो पोहत नाही.”

त्यांनी साहेबांना बोलावलं. साहेब फार सभ्य निघाले. उठून उभे राहिले, छातीवर हात ठेवला, येणारं वर्ष सुखाचं जावो म्हणाले, आमच्यासाठी चहा मागवला, माशाच्या रंगाचं कौतुक केलं, आणि म्हणाले की मासा जाणार नाही. चहा पिऊन होईपर्यंत मी त्यांना जलचरांच्या श्वसनाबद्दल समजावत होतो. शेवटी बॅगा गुंडाळायचं जे प्लास्टिक असतं ते बरणीच्या तोंडावर सात पदरी गुंडाळायचं ठरलं. तसं गुंडाळलं. अख्तरने डोक्यावरच्या रुमालाची टाचणी काढून सर्वांदेखत त्याला भोकं पाडली. साहेबांनी तेवढा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग गव्हाच्या ताटावरून त्या बाईंना शंका आली की हा शेतमाल आहे काय आणि याला रोगमुक्तीचा दाखला हवा काय. अख्तरने त्यांच्या हातात कुत्ताबचा डबा ठेवला. कुणाच्या तरी सुनेच्या आत्याचा असावा.

आत जाऊन बसलो. काचेतून धावपट्टी दिसत होती. बीरजंदहून आलेलं विमान उभं होतं. तेच आम्हाला घेऊन परत जायचं होतं. उतारू वाकून, डोळ्यांवर हात धरून जिन्याने उतरत होते.

“बघ, नौरोझच्या दिवशी आपलं गाव सोडून येणारेही असतात,” मी म्हणालो. “कमाल आहे लोकांची.”

“ती निळ्या रुमालाची मुलगी बघा,” अख्तर म्हणाली. “अगदी आपल्या सूदाबेसारखी चालते.”

“सगळ्या मुली तशाच चालतात.”

अख्तर ती मुलगी दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून बघत राहिली. आईचं काळीज, म्हणून मी दुर्लक्ष केलं.

विमान वेळेवर सुटलं. हे कबूल केलं पाहिजे, कारण मी न्यायी माणूस आहे. मी उजवीकडच्या खिडकीशी होतो. खाली वाळवंट पसरलेलं, रस्ता कुठेही नाही, आणि आम्ही नकाशावरच्या लाल दोऱ्यावरून चाललो होतो. माझ्या मांडीवर ऊन होतं. अख्तरच्या मांडीवर गहू, पायांत मासा. मी तिला म्हटलं, तफ्तीसाहेब आत्ता आपल्याला पाहायला हवे होते. खरं सांगतो, निवृत्त झाल्यापासून इतका आनंद मला झाला नव्हता. पोरीचा चेहरा मला दिसत होता. दार उघडेल, क्षणभर ओळखणार नाही, मग ओरडेल.

अर्धा तास झाला असेल. माझ्या मांडीवरचं ऊन सरकलं, समोरच्या खुर्चीवर गेलं, आणि थोड्या वेळाने डावीकडच्या उतारूंच्या मांडीवर जाऊन बसलं. मी हवाईसुंदरीला बोलावलं.

“विमान मागे वळलंय.”

“नाही आगा, सगळं ठीक आहे. चहा देऊ?”

“मुली, सूर्य वळलेला नाही. म्हणजे आपण वळलोय.”

ती हसून गेली. मग कप्तानाचा आवाज आला. त्याने आम्हा सर्वांना नूतन वर्ष सुखाचं जावो असं आधी म्हटलं, आणि मग बीरजंदवर धुळीचं वादळ असल्यामुळे आपण यज्दला परतत आहोत असं म्हटलं.

“बादली,” अख्तर हळूच म्हणाली.

“काय?”

“वाटी ओतली असती तर चार दिवसांनी परतलो असतो. खालाजानने बादली ओतली.”

बरोबर एका तासात उतरलो. यज्दला. म्हणजे हवेतला वेळ जाहिरातीबरहुकूम होता आणि किलोमीटरही जवळपास तेवढेच भरले होते. फक्त गाव तेच होतं. त्यात पुन्हा जिना नाही. जिना लावणारी माणसं, आता तास-दीड तास विमान नाही म्हणून, सुफ्र्यावर बसायला घरी गेली होती. त्यांना बोलावून आणेपर्यंत आम्ही धावपट्टीवर बंद. मी सूदाबेला फोन लावला. सगळं सांगून टाकू, निदान आवाज तरी ऐकू, असं मनात होतं. फोन बंद. पुन्हा लावला, बंद.

“रडत असेल,” अख्तर म्हणाली. “रडताना ती फोन बंद करते. शाळेत असल्यापासून.”

शाळेत असताना तिच्याकडे फोन नव्हता. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

शेवटी जिना लागला, आणि तिकीट खिडकीवरच्या पोराने, म्हणजे कंपनीच्या कारकुनाने, संगणकात बराच वेळ पाहिलं.

“आगा, तुमचा प्रवास पूर्ण झालेला दिसतोय.”

“काय?”

“विमानात बसलात. विमान उतरलं. तुम्ही उतरलात.”

“यज्दला उतरलो!”

“हो. कुठून बसला होतात?”

“यज्दहून!”

“मग बरोबर आहे,” तो म्हणाला, आणि चेहऱ्यावर इतकी सज्जनता होती की मला त्याला मारतासुद्धा येईना. “तरी तुमच्यासाठी मी काहीतरी करतो. थोड्या वेळात तेहरानचं विमान आहे. रात्री तिथे राहा, उद्या तिथून बीरजंदला जा.”

तेहरान वायव्येला. बीरजंद पूर्वेला. हा माणूस मला डोक्यामागून हात घालून घास घ्यायला सांगत होता. आणि तरी मी हो म्हणणार होतो, इतका मी चिडलो होतो. मला कुठल्याही दिशेने का होईना, पोरीकडे जायचं होतं.

“आणि वर्ष पालटेल तेव्हा आपण कुठे असू?” अख्तरने विचारलं.

“तेहरानच्या विमानतळावर.”

“म्हणजे वर्षभर तिथेच,” ती म्हणाली. तिने बरणी काखेत मारली. “मासा आडवा व्हायला लागलाय. घरी चला, आगा इरज.”

बाहेर आलो तर तफ्तीसाहेबांची गाडी तिथेच. विमान नजरेआड होईपर्यंत थांबायचं म्हणून ते थांबले होते, आणि मग गाडी सुरू होईना, कारण बादलीचं पाणी कुठे कुठे शिरलं होतं. इतका वेळ ते गृहस्थ पायजम्यात, बॉनेट उघडून, सगळ्या यज्दसमोर उन्हात उभे होते. आम्हाला पाहून त्यांनी डोळे मोठे केले. तोंड उघडलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. ‘मी म्हणालो होतो’ हे त्यांनी म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मागचं दार उघडून धरलं. गाडी मी ढकलली.

घराशी आलो. मी ठरवलं होतं की कुणाशी बोलायचं नाही. सरळ आत जायचं, नकाशावरच्या टाचण्या उपटायच्या, दोरा अख्तरच्या डब्यात टाकायचा. किल्ली लावणार तो दार आतून उघडलं. दारात सूदाबे उभी होती.

“बाबा! कुठे गेला होतात तुम्ही?” ती कमरेवर हात ठेवून ओरडली. “नौरोझच्या दिवशी कुणी घर सोडून जातं का?”

क्षणभर मी तिला ओळखलंच नाही. अख्तरच्या हातातलं गव्हाचं ताट तफ्तीसाहेबांनी वरच्या वर झेललं म्हणून वाचलं. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि सूदाबेच्या मागे खुंटीवर निळा रुमाल लटकत होता.

तर प्रकार असा होता. ‘मजेत आहोत’ हे आम्ही म्हटल्यावर तिलाही शेंबड्या पोराइतकं कळलं होतं. तिने इस्पितळातल्या एका मैत्रिणीला पाच रात्रपाळ्या कबूल करून सुट्टी बदलून घेतली, आणि आम्हाला चकित करायचं म्हणून सकाळच्या विमानाने आली. ज्या विमानातून ती उतरली त्याच विमानात आम्ही तिला चकित करायला चढलो. फोनची बॅटरी वाटेतच संपली होती आणि चार्जर बीरजंदला राहिला होता. हे सगळं एकाच माणसाला आधीपासून ठाऊक होतं.

मी खालाजानकडे वळलो. सुफ्रा अंथरलेला होता. त्यावर लसूण, व्हिनेगर आणि आरसा एवढंच होतं, बाकी सगळं आमच्याकडे. अख्तरने घाईघाईने बरणीचं प्लास्टिक फाडलं, गहू मध्ये ठेवला. रेडिओवर दुआ सुरू झाली होती. त्या दुआच्या वेळी शांत बसायचं असतं. पण मी सकाळपासून शांत बसलो होतो, असं मला तरी वाटत होतं.

“तुम्हाला माहीत होतं!” मी म्हणालो. “बूट तुम्ही लपवलात! ओळखपत्र तुम्ही दह्यामागे ठेवलंत!”

“पोरीने हजरत अब्बासची शपथ घातली होती,” खालाजान म्हणाल्या. “शपथ मोडू? या वयात?”

“मग नुसतं एवढं म्हणायचं, की जाऊ नका!”

“म्हटलं की.”

“कारण सांगायचं!”

“कारण सांगितलं की शपथ मोडली. मी शिंकले. आणखी काय करू? तूच मिरपूड घेऊन मागे लागलास.”

“आणि तू!” मी सूदाबेकडे वळलो. “मजेत आहे म्हणे! येऊ नका म्हणे! सरळ सांगायला काय झालं होतं, की बाबा, या, मला एकटं वाटतंय?”

“तुम्ही सांगितलंत का?”

“मी बाप आहे! आणि ती कंपनी! प्रवास पूर्ण झाला म्हणते! यज्दहून बसून यज्दला उतरलेल्या माणसाला...”

धडाम! रेडिओवर तोफ झाली. वर्ष पालटलं. माझं बोट हवेत होतं आणि तोंड उघडं.

चौघंही माझ्याकडे बघत होते, कारण तफ्तीसाहेब पायजम्यात तसेच बसून राहिले होते.

“झालं,” अख्तर म्हणाली. “आता वर्षभर.”

सूदाबे आधी हसली. मग तिने माझं वर गेलेलं बोट धरून खाली आणलं आणि माझ्या गालाचा मुका घेतला. मी रडलो, ते लपवत नाही. मासाही सरळ पोहायला लागला होता. पण म्हणणारे म्हणतात त्यात काहीतरी असावं, कारण त्यानंतर मी आजतागायत भांडतो आहे. कंपनीला तीनदा कळवलं. दर वेळी उत्तर येतं की उड्डाणाचा वेळ एक तास होता आणि तो जाहिरातीप्रमाणे भरला आहे, तरी आपल्या समाधानाबद्दल आभार. हा मजकूरही मी त्याच तावात लिहितो आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. मात्र ज्यांच्यावर मी त्या क्षणी ओरडत होतो ती सगळी माझ्यासमोर एका सुफ्र्याभोवती बसली होती, आणि वर्षभर अशीच बसणार असतील तर माझी ओरडायला हरकत नाही.

सूदाबेची सुट्टी संपली. विमान तेच, सकाळचं. बीरजंदवर धूळ नव्हती, मी तीन वेळा चौकशी केली होती. तिचा बूट जागेवर होता, ओळखपत्र पर्समध्ये होतं. टॅक्सी बाहेर उभी होती. या वेळी तफ्तीसाहेबांनी घरातूनच, पडद्याआडून, हात हलवला. खालाजानने वाटीत पाणी घेतलं, त्यात डाळिंबाचं पान टाकलं. त्यांच्या शेजारी मी सकाळीच भरून ठेवलेली बादली होती. त्यांनी ती पाहिली. अख्तरने कुराण उंच धरलं. पोर खालून गेली, पाऊल उंबऱ्याबाहेर टाकणार, आणि मला शिंक आली.

एकच.

सगळे थांबले. सूदाबेने मागे वळून माझ्याकडे रोखून पाहिलं. मी खिशातून रुमाल काढून नाकावर धरला आणि छताकडे बघत राहिलो.

खालाजानने हातातली वाटी हळूच खाली ठेवली.

“मोठी होती,” त्या म्हणाल्या. “निदान दोन तास.”